अंश-मिनिट-सेकंद की दशांश अंश? अक्षांश-रेखांश बदलताना बिंदू जागेवर राहावा म्हणून

भारताची प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावरून ठरते, हे शाळेपासून पाठ असतं. हाच आकडा कुणी ८२.३० असा लिहिला तर वाचणारा माणूस सांभाळून घेतो. सॉफ्टवेअर सांभाळून घेत नाही आणि तक्रारही करत नाही. ते मुकाट्याने ८२.३० हीच दशांश संख्या धरतं आणि रेषा वीसेक किलोमीटर पश्चिमेला सरकवतं. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, तेव्हा दशांशात बरोबर आकडा ८२.५ आहे. पुढे दिलेलं कोणतंही सूत्र एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये टाकलं की आधी ८२°३०' घालून बघा. ८२.५ आलं नाही तर पुढे जाऊ नका.

खानदेशात हा घोळ होण्याची ठिकाणं ठरलेली आहेत: शेततळ्यांची आणि विहिरींची यादी, पांझरेवरच्या फडबंधाऱ्यांची नोंद, सातपुड्यातल्या वनहक्क दाव्यांची जीपीएस मोजणी, रावेर-यावलच्या केळीबागांचे ड्रोन नकाशे. एकाच यादीत कुणी हातातल्या जीपीएस यंत्रावरून आकडे उतरवलेले असतात, कुणी मोबाइलच्या फोटोवरचा शिक्का बघून, कुणी टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापील नकाशावर, पट्टी ठेवून. तिन्हींची रूपं वेगळी, आणि रकान्याच्या डोक्यावर मात्र नुसतं 'अक्षांश' लिहिलेलं. चूक सूत्रात क्वचितच असते. आलेला आकडा कोणत्या रूपात आहे हे न ओळखताच सूत्र लावलं जातं, तिथे गाडं अडतं.

एकच बिंदू, पाच वेष

भुसावळजवळचा एक बिंदू घेऊ.

अंश-मिनिट-सेकंद: २१°०३'१२" उ, ७५°४७'१५" पू
अंश आणि दशांश मिनिटं: २१°०३.२००' उ, ७५°४७.२५०' पू
दशांश अंश: २१.०५३३३३, ७५.७८७५००
जीपीएस यंत्राच्या कच्च्या ओळीत: २१०३.२०००, ०७५४७.२५००
रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक, अंतराच्या सूत्रांत लागतं): ०.३६७४५०, १.३२२७४१

जागा तीच आहे. एका अंशाची ६० मिनिटं, एका मिनिटाचे ६० सेकंद. पंचांग बघणाऱ्यांना हे नवीन नाही, तिथे अंश-कला-विकला याच हिशेबाने चालतात. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्या मठातलं गणितही याच साठाच्या हिशेबावर चालत असणार. दशांश अंश ही अलीकडची सोय आहे, संगणकाला एकाच संख्येत सगळं हवं असतं म्हणून.

आता हे जमिनीवर किती भरतं ते बघा. खानदेश साधारण २१ अंश उत्तरेवर आहे. इथे अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटर आणि रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटर भरतो. रेखांशाचा कमी, कारण उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं जवळ येत जातात. म्हणजे एक मिनिट अक्षांशात १.८५ किलोमीटर आणि रेखांशात १.७३ किलोमीटर. एक सेकंद अनुक्रमे ३०.८ आणि २८.९ मीटर. दशांश अंशात चार स्थळं म्हणजे साधारण ११ मीटर, पाच म्हणजे १.१ मीटर, सहा म्हणजे ११ सेंटिमीटर.

यातून एक गोष्ट लगेच कळते. यादीत सेकंद पूर्णांकात लिहिले असतील, १२" असे, तर बिंदू दोन्ही दिशांना पंधरा मीटरपर्यंत चुकू शकतो. गावाच्या नकाशाला ते चालतं. विहीर दाखवायची असेल तर मात्र ती बांध ओलांडून शेजारच्या गटात पडू शकते. सेकंद घ्यायचेच असतील तर दशांशाच्या एका स्थळापर्यंत घ्या, १२.४" असे, म्हणजे तीन मीटरचा खेळ उरतो. मोकळ्या आकाशाखाली साधं जीपीएस यंत्र किंवा मोबाइल तीन ते पाच मीटरपेक्षा फार नेमकं नसतं, त्यामुळे दशांश अंशात सहा स्थळं पुरून उरतात. दहा-बारा स्थळं लिहिलेली यादी नेमकी असते असं नाही, कुणीतरी भागाकार केला आणि आकडा गोल केला नाही एवढंच त्यातून कळतं.

आधी रूप ओळखा

सगळ्यात फसवं रूप म्हणजे टिंबं देऊन लिहिलेले अंश-मिनिट-सेकंद. २१°०३'१२" लिहायचं, पण चिन्हं टाइप करायचा कंटाळा, म्हणून २१.०३.१२, आणि मग कुणीतरी दुसरं टिंब काढून २१.०३१२. हा आकडा आता हुबेहूब दशांशासारखा दिसतो.

वरचा भुसावळचा बिंदू असा लिहिला, २१.०३१२ आणि ७५.४७१५, तर काय होतं? अक्षांशात ०.०२२ अंशांचा फरक, म्हणजे अडीच किलोमीटर दक्षिणेला. रेखांशात ०.३१६ अंशांचा, म्हणजे जवळजवळ ३३ किलोमीटर पश्चिमेला. भुसावळचा बिंदू जळगाव ओलांडून पाळधीच्या बाजूला जाऊन पडतो. जिल्हा तोच, तापीचं खोरं तेच, आजूबाजूला शेतंच, त्यामुळे नकाशावर कुणाला शंकाही येत नाही.

या चुकीला दिशा असते. अंश-मिनिट-सेकंदांना दशांश समजलं तर आकडा नेहमी लहान होतो, त्यामुळे आपल्याकडचे बिंदू दक्षिणेला आणि पश्चिमेलाच सरकतात, आणि जास्तीत जास्त ०.४ अंशाने, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. उलट, दशांश अंशांना मिनिट-सेकंद समजून पुन्हा भागलं तर बिंदू उत्तरेला आणि पूर्वेला जातात. नकाशावरचे सगळे बिंदू नैर्ऋत्येला गेलेले दिसले तर कारण शोधत बसायला नको.

रूप ओळखण्यासाठी टिंबानंतरचे अंक जोडीजोडीने वाचा. मिनिटं आणि सेकंद ५९ च्या पुढे जात नाहीत. एका तरी ओळीत ६० ते ९९ मधली जोडी दिसली तर तो आकडा दशांश अंशातला आहे, वाद संपला. पण यादी एकाच गावाची असेल तर पहिल्या जोडीवर भरवसा ठेवू नका. गावाची शिवार पाच किलोमीटरची धरली तरी सगळ्या ओळींत टिंबानंतरचे पहिले दोन अंक जवळजवळ सारखेच राहतात. बघायची ती दुसरी जोडी, तिसरा आणि चौथा अंक. पन्नास ओळींत दुसऱ्या जोडीत एकदाही साठच्या वरचा आकडा नाही असं दिसलं तर ते सेकंदच आहेत, खुशाल समजा.

दशांश मिनिटांचं रूप ओळखायला सोपं आहे. अंशानंतर जागा सोडून किंवा चिन्ह देऊन दोन अंक, टिंब, मग तीन अंक: २१ ०३.२००. गार्मिनची हातातली यंत्रं मुळात याच रूपात आकडे दाखवतात, आणि तेच वहीत उतरवले जातात. इथली नेहमीची चूक म्हणजे ०३.२०० ला ३ मिनिटं २० सेकंद वाचणं. खरे सेकंद ०.२ गुणिले ६०, म्हणजे १२. आठ सेकंदांचा फरक, जवळजवळ अडीचशे मीटर. हा सरक इतका कमी असतो की पाळधीसारखा उघडा पडत नाही, म्हणून जास्त त्रासाचा.

यंत्रात 'सेटअप' मधल्या 'पोझिशन फॉरमॅट'मध्ये हे रूप बदलता येतं. बदलल्याने यंत्रात साठवलेला बिंदू बदलत नाही, फक्त पडद्यावर दिसणारं रूप बदलतं. त्याहून बरं म्हणजे पडद्यावरून आकडे उतरवूच नयेत. यंत्र केबलने जोडून जीपीएक्स फाइल काढा, जीपीएसचे बिंदू साठवायचा हा ठरलेला प्रकार आहे. जीपीएक्समध्ये आकडे नेहमी दशांश अंशातच असतात, पडद्यावर काहीही ठेवलेलं असो.

शीटमध्ये दशांश करणं

इथली सूत्रं वाचण्यासाठी देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये टाइप करताना रकान्यांची नावं, फंक्शनं आणि अंक इंग्रजी कळफलकाने टाका.

अंश, मिनिटं आणि सेकंद वेगवेगळ्या रकान्यांत असतील, समजा बी, सी आणि डी, तर सूत्र एवढंच:

=बी२+सी२/६०+डी२/३६००

दशांश मिनिटं असतील तर डी रकाना लागतच नाही, =बी२+सी२/६० पुरतं. उत्तराचा रकाना 'नंबर' करून सहा स्थळं ठेवा. खानदेश उत्तर आणि पूर्व गोलार्धात असल्यामुळे उणे चिन्हाचा प्रश्न आपल्याला येत नाही. यादीत दक्षिणेचे किंवा पश्चिमेचे बिंदू असतील तर आधी तिन्हींची बेरीज करायची आणि मग पूर्ण उत्तर उणे करायचं. नुसते अंश उणे केले तर मिनिटं उलट्या दिशेने मिळवली जातात.

सगळं एकाच घरात, म्हणजे सेलमध्ये, असेल तर पाच मिनिटांत होणारी युक्ती वेळेच्या रूपाची आहे. तास-मिनिट-सेकंद आणि अंश-मिनिट-सेकंद दोन्ही साठावरच चालतात, हे एक्सेलला माहीत नसलं तरी आपल्याला माहीत आहे.

१. चिन्हं काढून आकडा २१:०३:१२ असा करा. रेखांश ७५:४७:१५. एक्सेल तो वेळ म्हणून घेईल.
२. शेजारच्या घरात =ए२*२४ लिहा. एक्सेल वेळ दिवसांत साठवतं, चोवीसने गुणलं की तास, म्हणजे आपले अंश मिळतात.
३. उत्तराच्या घराचं रूप 'नंबर' करा. हे विसरलात तर उत्तरही वेळेसारखं दिसेल आणि सूत्रच चुकलं असं वाटेल.

७५ तास एका दिवसात मावत नाहीत, म्हणून साध्या वेळेच्या रूपात पहिल्या घरात ३:४७ दिसू शकतं. आतला आकडा बरोबरच असतो. 'फॉरमॅट सेल्स'मध्ये 'टाइम'खाली ३७:३०:५५ असा नमुना आहे, तो निवडला की ७५:४७:१५ पूर्ण दिसेल. गूगल शीट्समध्ये याच कामाला 'ड्युरेशन' निवडा. उलट दिशेलाही हे चालतं: दशांश अंशाला २४ ने भागा आणि हेच रूप द्या. फक्त उणे आकड्यांवर एक्सेल ही युक्ती चालवून देत नाही, घरभर जाळीची चिन्हं दाखवतं.

चिन्हांचा कचरा

व्हॉट्सअ‍ॅपवरून, पीडीएफमधून किंवा जुन्या वर्ड फाइलमधून आलेल्या आकड्यांत चिन्हं एकसारखी नसतात. अंशाचं गोल चिन्ह दोन प्रकारचं असतं, दिसायला सारखं, आतून वेगळं. मिनिटाला कुणी साधं एकेरी अवतरण वापरतं, कुणी वळणदार, कुणी खरं मिनिटाचं तिरकं चिन्ह. सेकंदाला दुहेरी अवतरण किंवा दोन एकेरी. 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये चिन्ह टाइप करू नका. यादीतूनच ते कॉपी करून वरच्या चौकटीत चिकटवा, म्हणजे नेमकं तेच सापडेल. अंश आणि मिनिटाच्या चिन्हाच्या जागी विसर्गासारखी दोन टिंबं, म्हणजे कोलन, घाला आणि सेकंदाचं चिन्ह पूर्ण काढून टाका. क्रम महत्त्वाचा आहे: दोन एकेरी अवतरणांची जोडी आधी काढा, मग एकेरी बदला. उलट केलं तर सेकंदानंतरही दोन कोलन शिल्लक राहतात.

सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर फाइलमध्ये, दुहेरी अवतरण ठेवूच नये. सीएसव्हीत त्या चिन्हाला स्वतःचा अर्थ आहे, मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ते सांगतं. सेकंदाच्या चिन्हामुळे पुढचे रकाने एकमेकांत घुसतात आणि शंभर ओळींची यादी साठ ओळींची होते.

देवनागरी अंकांत भरलेली यादी आली तर आधी दहाही अंक 'रिप्लेस'ने इंग्रजी करून घ्या. पायथॉन देवनागरी अंकांना सरळ संख्या म्हणून घेतं, जावास्क्रिप्ट घेत नाही. त्यामुळे एका ठिकाणी चाललेली फाइल दुसऱ्या ठिकाणी अडते आणि कारण लवकर सापडत नाही. दिशेच्या अक्षरांत 'पू' आणि 'प' यांच्यावर लक्ष ठेवा. मात्रा गळाली की पूर्वेचं पश्चिम होतं. यादी फक्त आपल्या भागाची असेल तर दिशेचा रकाना काढून टाकलेलाच बरा.

दशांशातून परत मिनिट-सेकंदांत

अर्जात किंवा दाव्याच्या नमुन्यात अंश-मिनिट-सेकंद मागितले जातात, तेव्हा हा प्रवास उलटा करावा लागतो. सरळ पद्धत अशी: पूर्णांक भाग म्हणजे अंश, उरलेल्याला ६० ने गुणा, त्याचा पूर्णांक म्हणजे मिनिटं, उरलेल्याला पुन्हा ६० ने गुणा, ते सेकंद. वहीत हे बिनचूक चालतं. शीटमध्ये आणि प्रोग्राममध्ये मध्येच ठेच लागते.

धुळ्याच्या आसपासचा अक्षांश घ्या, २०.९. वहीत ०.९ गुणिले ६० बरोबर ५४ मिनिटं, शून्य सेकंद. पण संगणक २०.९ ही संख्या दोनाच्या घातांत, म्हणजे बायनरी पद्धतीने, साठवतो आणि ती त्याला नेमकी साठवता येत नाही, आत २०.८९९९९… असं काहीतरी असतं. त्यातून मिनिटं येतात ५३.९९९९…, पूर्णांक घेतला की ५३, आणि सेकंद ५९.९९९९…, जे दोन स्थळांना गोल होऊन ६०.०० दिसतात. उत्तर: २०°५३'६०.००". जागा तीच आहे, पण असा आकडा कुठलाही अर्ज स्वीकारणार नाही, आणि काही सॉफ्टवेअर ६० सेकंदांवर ओळच टाकून देतं.

उपाय सोपा आहे. गोल करायचं काम सगळ्यात आधी करा, आणि एकदाच करा.

१. दशांश अंशाला ३६०० ने गुणून एकूण सेकंद काढा आणि तिथेच दोन स्थळांना गोल करा: =राउंड(ए२*३६००,२). हे बी२ मध्ये. २०.९ साठी ७५२४० येईल.
२. अंश: =इंट(बी२/३६००). सी२ मध्ये. २०.
३. मिनिटं: =इंट((बी२-सी२*३६००)/६०). डी२ मध्ये. ५४.
४. सेकंद: =राउंड(बी२-सी२*३६००-डी२*६०,२). ०.

शेवटचा राउंड फक्त झाडलोट आहे, तो ६० कधीच देणार नाही, कारण गोल करणं पहिल्या पायरीवरच झालंय. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा. सेकंदाच्या शंभराव्या भागांत पूर्णांक करून घेतला आणि मग भागाकार-बाकी काढली तर आणखी निर्धास्त. 'इंट' उणे आकड्यांना खाली ओढतं, उणे ०.५ चं उणे १ करतं. म्हणून उणे बिंदू असतील तर चिन्ह बाजूला काढून ठेवा आणि शेवटी दिशेचं अक्षर म्हणून लावा.

एकत्र लिहिताना मिनिटं आणि सेकंद दोन अंकी ठेवा, ०३ असे. २१°३'१२" आणि २१°०३'१२" एकच, पण चिन्हं गळाली की २१३१२ आणि २१०३१२ होतात, आणि पहिल्यातून २१°३१'२" वाचलं जाऊ शकतं. गोल चिन्ह विंडोजवर ऑल्ट दाबून ०१७६ टाइप केलं की येतं.

क्यूजीआयएसमध्ये

यादी शीटमध्ये न बदलता सरळ क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आणता येते. 'लेयर' मेन्यूतून 'अ‍ॅड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर' उघडा, 'पॉइंट कोऑर्डिनेट्स' निवडा. एक्सच्या जागी रेखांशाचा रकाना आणि वायच्या जागी अक्षांशाचा. बोलण्यात आपण 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, त्यामुळे हात सवयीने उलटा जातो. आकडे अंश-मिनिट-सेकंदात असतील तर 'डीएमएस कोऑर्डिनेट्स' या खुणेवर टिक करा. दशांश अंश असतील तर ती खूण रिकामीच ठेवा. संदर्भप्रणाली ईपीएसजी ४३२६ ठेवा, जीपीएसच्या अक्षांश-रेखांशांचा हा क्रमांक आहे. दिशा लिहायचीच तर इंग्रजी एन आणि ई लिहा, उ आणि पू नको.

आत आल्यावर उलटं रूप हवं असेल तर फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये 'टू_डीएमएस' हे फंक्शन आहे, दशांश मिनिटांसाठी 'टू_डीएम', आणि मजकुरातल्या मिनिट-सेकंदांचे दशांश करायला 'टू_डेसिमल'. पहिल्या दोघांना अंशच द्यावे लागतात. लेयर मीटरच्या प्रणालीत असेल आणि तिचे एक्स-वाय सरळ त्यांना दिले तर उत्तर निरर्थक येतं.

मीटरची प्रणाली म्हणजे यूटीएम. सगळा खानदेश ४३ उत्तर या पट्ट्यात येतो, ईपीएसजी ३२६४३. या पट्ट्याची मधली रेषा ७५° पूर्व आहे आणि ती चाळीसगाव-अमळनेरच्या जवळून जाते. भुसावळचा आपला बिंदू यात पूर्वेला सुमारे ५ लाख ८१ हजार ८०० आणि उत्तरेला सुमारे २३ लाख २८ हजार मीटर असा दिसतो. असे सहा-सात आकडी अंक यादीत दिसले तर ते अंश नव्हेत. साठाने भागून काही हाती लागणार नाही, क्यूजीआयएसमध्ये लेयर ३२६४३ म्हणून उघडा आणि ४३२६ मध्ये निर्यात करा.

ट्रॅकर, फोटो आणि उलटलेला क्रम

टँकर, ट्रॅक्टर किंवा ट्रकवरच्या ट्रॅकरची कच्ची नोंद बरेचदा एनएमईए या जीपीएस यंत्रांच्या प्रमाणित रूपात असते. त्यात २१०३.२००० म्हणजे २१ अंश आणि ०३.२ मिनिटं. टिंबाच्या डावीकडचे शेवटचे दोन अंक मिनिटांचे, त्याआधीचे अंशांचे. रेखांशात अंशांना तीन अंक असतात, म्हणून ०७५४७.२५००. शंभराने भागून २१.०३२ करणं हा इथला नेहमीचा सापळा. बरोबर सूत्र:

=इंट(ए२/१००)+(ए२-इंट(ए२/१००)*१००)/६०

मोबाइलच्या फोटोत जागा तीन वेगळ्या संख्यांत साठवलेली असते, अंश, मिनिटं, सेकंद, आणि दिशा चौथ्या ठिकाणी. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की ही माहिती गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. फोटोवर छापलेल्या शिक्क्यावरून आकडे टाइप करण्यापेक्षा मूळ फोटो मागवा. एक्झिफटूल या मोफत प्रोग्रामने शेकडो फोटोंचे दशांश अंश एका आज्ञेत निघतात.

क्रमाचं म्हणाल तर गूगल मॅप्सच्या शोधचौकटीत आधी अक्षांश, मग रेखांश. केएमएल आणि जिओजेसन या नकाशाच्या फाइलींत बरोबर उलट, आधी रेखांश. जीपीएक्समध्ये दोन्हींना नावं असतात, त्यामुळे प्रश्न येत नाही. क्रम उलटला की भुसावळचा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात पडतो. ही चूक परवडली, ती लपत तरी नाही. रिकाम्या घरांचे शून्य-शून्य झालेले बिंदूही असेच आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात सापडतात.

अंतर काढताना रेडियन

दोन बिंदूंमधलं अंतर सूत्राने काढायचं असेल तर साइन आणि कोसाइन लागतात, आणि एक्सेल, पायथॉन, जावास्क्रिप्ट या सगळ्यांना कोन रेडियनमध्ये हवा असतो. २१ अंशाचा कोसाइन ०.९३३६. शीटमध्ये =कॉस(२१) लिहिलं तर उत्तर येतं उणे ०.५४७७, कारण ते २१ रेडियन समजतं. =कॉस(रेडियन्स(२१)) लिहा. अंतर उणे आलं किंवा शेजारची गावं हजारो किलोमीटर लांब दिसली तर पहिली शंका इथे घ्या.

प्रत्येक यादीला एक राखणदार रकाना

बदल झाल्यावर एक जादा रकाना करा आणि त्यात अट लावा: अक्षांश २० ते २२.२ च्या आत, रेखांश ७३.५ ते ७६.६ च्या आत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे यात मावतात. बाहेरचा आकडा लाल करा. उलटलेला क्रम, शून्य-शून्य आणि मीटरचे आकडे इथेच अडकतात. पण पाळधीसारखा सरक या चाळणीतून सुटतो. त्यासाठी यादीतले चार-पाच ओळखीचे बिंदू, गावातलं मंदिर, बंधाऱ्याची भिंत, रेल्वे फाटक, उपग्रहचित्रावर डोळ्यांनी तपासा. मूळ रकाने पुसू नका. बदललेले आकडे नेहमी शेजारी ठेवा, म्हणजे शंका आल्यावर माघारी जाता येतं.

आणि एवढं सगळं बरोबर करूनही बिंदू शंभर मीटरच्या घरात सरकलेले दिसले, सगळे एकाच दिशेला, सारख्याच अंतराने, तर रूप बदलण्यात चूक शोधू नका. आकडे जुन्या टोपोशीटवरून घेतलेले असणार. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पत्रकांवरचे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या, एव्हरेस्ट मापावर आहेत, जीपीएसचे डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर. पत्रकांच्या क्रमांकांत जळगाव ४६ ओ, धुळे ४६ एल आणि नंदुरबार ४६ के या भागात येतं. ७६ अंशांच्या पलीकडचे रावेर, मुक्ताईनगर ५५ क्रमांकाच्या पत्रकांवर सापडतात. अशा यादीचे आधी दशांश करा, मग क्यूजीआयएसमध्ये मूळ प्रणाली म्हणून एव्हरेस्टवर आधारलेली कल्याणपूर १९७५ निवडून ४३२६ मध्ये बदला, आणि पत्रकावरची एखादी जुनी विहीर किंवा रस्त्यांचा चौक उपग्रहचित्राशी जुळतो का ते बघूनच बाकीचे बिंदू वापरा.